उतरून गेलेली माणसं

गोष्टी सुचतात कुठं, असं कुणी विचारलं की मी एसटीचं नाव घेतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला पहाट, नदी, निदान एखादं थोर पुस्तक तरी हवं असतं.

आमचा रस्ता कराड–चिपळूण. लहानपणी आईबरोबर आजोळी जाताना कुंभार्ली घाट लागला की निम्मी माणसं पोटात ढवळून गप्प व्हायची आणि उरलेली जास्तच बोलायची. पुढच्या बाकावरच्या बायकांची कुणाची तरी सून घर सोडून गेलेली असायची. का गेली ते कळायच्या आत पोफळी यायची, बायका उतरून जायच्या, कंडक्टर डबल बेल द्यायचा. चिपळूण येईपर्यंत मी त्या सुनेला वेगवेगळी कारणं देऊन बघायचो.

कराडला शिकायला होतो तेव्हा घरचा डबा एसटीनं यायचा. गावातली मुक्कामी गाडी सकाळी निघायची ती ड्रायव्हरशेजारी डब्यांची रांग घेऊनच. झाकणांवर तेलरंगात नावं. स्टँडवर आम्ही पोरं वाट बघत उभी. एकदा नावांच्या घोळात दुसऱ्याच पोराचा डबा माझ्याकडं आला. भाकरीच्या घडीत चिठ्ठी होती: पैसे लागले तर कळव, पण तात्यांकडं मागू नको. डबा त्याचा त्याला पोचता केला. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. माझी छापून आलेली पहिली कथा त्या चिठ्ठीवर उभी आहे. तात्या कोण, हे आजही मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर कथा लिहायची गरजच पडली नसती.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. दर वर्धापनदिनाला त्या गाडीचं कौतुक छापून येतं. मला मात्र आत बसलेली माणसं वाटेत काय बोलली, ते ऐकायला आवडलं असतं.

मधली काही वर्षं स्वतःची गाडी होती. लिहिणं थांबलं नाही, पण त्या काळातल्या माझ्या कथांमधली सगळी माणसं माझ्यासारखीच बोलतात.

आता पुन्हा एसटी. कंडक्टरच्या चिमट्याची टकटक गेली, यंत्र आलं. शेजारचा मोठ्या आवाजात रील्स बघतो, त्याला इलाज नाही. पण मोबाइलनं माझं एक काम सोपं केलंय: पूर्वी बोलणं उतरताना तुटायचं, आता मुळातच निम्मं ऐकू येतं. शिवाय मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय. कुणी दवाखान्याला, कुणी नुसतीच बहिणीला भेटायला, अशा एकट्या निघालेल्या बायका आता जास्त दिसतात. बरोबर घरचं माणूस नसलं की बाईचं फोनवरचं बोलणं वेगळंच असतं. मी वही काढत नाही. वही दिसली की लोक सावध होतात. खाली उतरल्यावर तिकिटामागं लिहून ठेवतो. पुढची छपाई काही दिवसांत उडून जाते, मागचं वाक्य राहतं.

परवा मल्हारपेठेच्या अलीकडं एक बाई फोनवर कुणाला तरी झापत होती, "म्हैस दिली ती दिली, दावं कशाला दिलंस?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, ती एकदम हसायला लागली आणि फाट्यावर उतरून गेली. कथा तीन पानं झाली आहे. दावं का दिलं ते मी ठरवलंय. ती हसली का, तिथं अडलोय.