कोळ्याचे हवामान

निरभ्र दिवशी जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचे विद्युतक्षेत्र असते. आम्हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा परीक्षेपुरता आकडा. पण २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील एरिका मॉर्ले व डॅनियल रॉबर्ट यांनी दाखवून दिले, की कोळ्याला हे क्षेत्र जाणवते. वारा रोखलेल्या पेटीत क्षेत्र सुरू करताच इवले कोळी पायांच्या टोकांवर उभे राहिले, पोट उंचावून त्यांनी धागे सोडले आणि काही चक्क वर उचलले गेले. बर्लिनमधील संशोधकांनी त्याच वर्षी वाऱ्याची बाजू तपासली: उड्डाणापूर्वी खेकडा-कोळी पुढचा पाय उचलून वारा अजमावतो आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटरहून अधिक असेल, तर बहुधा उडतच नाही.

हे वाचल्यापासून भाताच्या खाचराकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. चिखलणीत जुनी वस्ती उद्ध्वस्त होते. लावणीनंतर काही कोळी बांधावरून चालत येतात, काही धाग्यावर तरंगत. जाळे न विणणारा लांडगा-कोळी रोपांच्या बुंध्याशी शिकार करतो. नेमके तिथेच तपकिरी तुडतुडे रस शोषत बसलेले असतात. मुसळधार पावसात विणकऱ्यांची जाळी फाटतात, कोरड्या उघडिपीत बुंध्याचा ओलावा आटतो. म्हणजे जिल्ह्याचे कमाल तापमान कोळ्याला फारसे काही सांगत नाही. त्याचे हवामान वीतभर उंचीचे असते, आणि गवत राखलेल्या बांधावर ते तासून काढलेल्या बांधाहून निराळे असते.

आता खरी अडचण. आपल्याकडे शेतकऱ्यांसाठीचा कृषी-हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. वारा मंद आणि पाऊस नाही, अशी वेळ फवारणीस योग्य मानली जाते, आणि तेही रास्तच. एरवी औषध उडून जाईल किंवा धुऊन निघेल. परंतु मंद वारा, कोरडी हवा हीच कोळ्यांचीही प्रवासाची वेळ! (निसर्गाने वेळापत्रक आपल्याला विचारून आखलेले नाही.) शिवाय, सरसकट सगळ्यांना मारणाऱ्या कीटकनाशकांनी कोळी संपतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात, हे भातशेतीत वारंवार दिसले आहे.

फवारणी कधी करावी हे तो सल्ला सांगतो. फवारणीआधी चार बुंधे वाकवून कोळी किती आणि तुडतुडे किती ते मोजा, एवढी एक ओळ त्यातल्या प्रत्येक भातपट्ट्याच्या पत्रकात, हवामानाच्या आकड्यांच्या शेजारी, असावी असे मला वाटते.