वीस ते सव्वीस

औरंगपुऱ्यात सकाळी दहाच्या सुमारास महात्मा फुले चौकात उभे राहावे आणि माणसांऐवजी गाड्यांच्या नंबरपाट्या वाचाव्यात. अख्खा मराठवाडा डोळ्यांखालून जातो. 21 जालन्याचा, 22 परभणीचा, 23 बीडचा, 24 लातूरचा, 25 धाराशिवचा, 26 नांदेडचा. आणि घरचा यजमान 20, तो आमच्या शहराचा. हिंगोलीकर मात्र पंगतीला उशिरा आले. त्यांचा जिल्हा झाला 1999 साली, तोवर पाने वाढून झाली होती, म्हणून ते पार 38 वर जाऊन बसले. 2023 साली शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. दुकानांच्या पाट्या बदलल्या, पत्ते बदलले. 20 जागचा हलला नाही.

जिल्हा परिषदेच्या दाराशी बहुतेक 20 चीच दाटी. कामेच तशी! पण सरस्वती भुवनच्या फाटकाशी आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे या, तिथे सगळे आकडे एकमेकांना खेटून उभे. प्रवेशाच्या दिवसांत तर कोणता विद्यार्थी कुठून आला हे त्याने तोंड उघडण्याआधीच मला कळते. अर्थात तोंड उघडल्यावर ते अधिक गोड कळते, ही गोष्ट निराळी.

मराठीच्या मास्तराला या पाट्यांनी आणखी एक करमणूक पुरवली होती. 4141 हा आकडा जरा वळणे देऊन ‘दादा’ असा लिहायचा, 214 चा ‘राम’ करायचा. कायद्याला हे कधीच मान्य नव्हते आणि तो रास्तच होता, कारण धडकून पळालेल्या दादांना शोधायचे कसे? आता त्या होलोग्रामवाल्या नव्या पाट्या आल्या आणि दादा पुन्हा आकड्यांत विरघळले. मला थोडी चुटपुट लागली, खोटे कशाला बोलू?

हे आकडे जिथून मिळतात ते प्रादेशिक परिवहन कार्यालय औरंगपुऱ्यात नाही, रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला आहे. बोली भाषेत आरटीओ. वडील गेल्यावर त्यांच्या स्कूटरसाठी मी तिथे गेलो. स्कूटर परभणीची, 22 ची. ‘काढून टाका,’ असे घरात दोघातिघांनी सुचवले. आई काही बोलली नाही.

मालक वारला तर गाडी वारसाच्या नावावर करायला वेगळा नमुना असतो, 31 क्रमांकाचा. सोबत मृत्यूचा दाखला, विम्याचा कागद, इतर वारसांची संमती आणि परभणीच्या कार्यालयाचे ना हरकत पत्र. आणखी एक गोष्ट लागली: चेसिसच्या नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढीत होतो ना, तसेच. भर उन्हात स्कूटरपाशी वाकून मी घासत होतो. रविवारी सकाळी वडील जिथे फडके फिरवीत, तो पत्रा हाताखाली होता. एकेक आकडा काळा होऊन वर आला. शेजारच्या रिक्षावाल्याने कागद धरायला बोट दिले. विचारले काहीच नाही.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, ‘नंबर हाच राहील बरं का, सर. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही. नाव तेवढं बदलेल.’ मी दोनदा विचारून घेतले. गाडीला पंधरा वर्षे उलटलेली, म्हणून पुनर्नोंदणी आणि तपासणीही झाली. पाच वर्षे मिळाली.

नवे नोंदणीपत्र आले तेव्हा आईने चष्मा लावून ते वाचले. माझे नाव वाचले, आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘बावीसच आहे की रे!’

‘हो.’

‘मग मंडईतून येताना मला मागं बसवून आण. रिक्षाला पैसे कशाला?’

आता शनिवारी संध्याकाळी औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईतून मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन ती माझ्या मागे बसते. खड्डा आला की वडिलांना सांगायची तसेच मला सांगते, ‘सावकाश.’