‘ओव्हरस्टेअर’: छातीवर मिरवलेल्या शिवीचा हिशेब

न्यूझीलंडमध्ये ‘ओव्हरस्टेअर’ या शब्दाचा कागदोपत्री अर्थ अगदी साधा आहे: परवान्याची मुदत संपल्यावरही देशात राहिलेला माणूस. पण १९७० च्या दशकात तिथल्या पोलिसांनी, पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी या शब्दाला एक रंग दिला. ओव्हरस्टेअर म्हणजे सामोआ, टोंगा अशा बेटांवरून आलेला सावळा मजूर. गोरा माणूस मुदत संपून राहिला तरी त्याला ही शिवी चिकटली नाही. बिल उराले या सामोअन रॅपरने पुढे नेमका हाच शब्द आपल्या कपड्यांच्या ब्रँडला दिला. संगीताच्या जगात तो किंग कपिसी म्हणून ओळखला जातो.

हे आज लिहिण्याला कारण आहे. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतली काही मुले रॅप करतात. यंदा १४ एप्रिलला टी-शर्ट छापायचा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोटावाला’ लिहायचे, असे त्यांनी ठरवले. कॉलेजात त्यांना हाच शब्द ऐकावा लागतो. ज्येष्ठ मंडळी भडकली. बाबासाहेबांच्या जयंतीला शिवी अंगावर घालून मिरवणार का? मुलांचे उत्तर तयार होते, “ताई, शिवी आपणच घातली की त्यांच्या हातात काय उरतं?” दोन्ही बाजूंना माझ्याकडून निवाडा हवा होता. मी निवाडा दिला नाही, कपिसीची गोष्ट सांगितली. तीच इथे मांडते.

मुळात कोण कोणाच्या घरात घुसले होते? १९१४ साली न्यूझीलंडने जर्मनीकडून पश्चिम सामोआ ताब्यात घेतले आणि १९६२ पर्यंत तिथे राज्य केले. १९१८ साली ऑकलंडहून आलेल्या ‘तालुने’ जहाजातून इन्फ्लुएंझा आला. प्रशासनाने जहाज अडवले नाही. सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येचा पाचवा हिस्सा, मेली. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपिया शहरात ‘माऊ’ या स्वराज्य चळवळीच्या शांततापूर्ण मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी मारले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना स्वस्त हात हवे होते. तेव्हा हीच बेटांवरची माणसे चालत होती, परवान्याची मुदत कोणी विचारत नव्हते. १९७३ च्या तेलसंकटानंतर रोजगार आटला आणि अचानक कागद आठवले. पहाटे दारे ठोठावून, झोपलेल्या माणसांना उठवून कागद मागितले जाऊ लागले. या धाडींना ‘डॉन रेड’ म्हणतात. १९८५-८६ च्या पाहणीत दिसले की मुदत संपून राहिलेल्यांत पॅसिफिक बेटांवरचे लोक एक तृतीयांश होते, पण खटल्यांत त्यांचा वाटा ८६ टक्के होता. अमेरिका आणि ब्रिटनमधून आलेलेही जवळपास तेवढेच होते. त्यांच्यावरचे खटले ५ टक्के!

उराले कुटुंब सामोआच्या सवाई बेटावरचे. बिल वेलिंग्टनमध्ये वाढला. १९९९ साली ‘रिव्हर्स रेझिस्टन्स’ या गाण्यासाठी त्याला गीतलेखनाचा सिल्व्हर स्क्रोल पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा न्यूझीलंडमधला तो पहिला हिप हॉप कलाकार. पुढच्या वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमचे नाव त्याने ‘सॅव्हेज थॉट्स’ ठेवले, म्हणजे रानटी माणसाचे विचार. तिथेही गोऱ्यांनी दिलेलाच शब्द उचलला. पण त्याचा रोख फक्त गोऱ्यांवर नव्हता. ‘सब-क्रेनियम फीलिंग’ या गाण्यात त्याने मिशनऱ्यांनी रुजवलेल्या धर्माला प्रश्न विचारला, आणि तोही अशा समाजात जिथे चर्च म्हणजे जगण्याचा कणा. त्या गाण्याचा व्हिडिओ त्याची बहीण, चित्रपट दिग्दर्शक सीमा उराले हिने केला. परक्याला शिव्या देणारा रॅप खूप मिळेल. आपल्या घरातल्या श्रद्धेला प्रश्न विचारणारा रॅप दुर्मीळ असतो.

पण टी-शर्टने किंवा पुरस्काराने नागरिकत्व मिळते का? नाही. ती लढाई वेगळीच आहे. फालेमाई लेसा या सामोअन स्त्रीवर ओव्हरस्टेअर म्हणून खटला झाला. तिने तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. जुलै १९८२ मध्ये निकाल लागला: १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक कायद्याने न्यूझीलंडचेच नागरिक होते. म्हणजे जिला घुसखोर ठरवले ती कायद्याने त्याच घरची निघाली! सरकारने काय केले? काही आठवड्यांत नवा कायदा करून तो हक्क बहुतेकांकडून काढून घेतला. तो परत मिळवण्याची वाट मोकळी करणारा कायदा व्हायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. धाडींबद्दल पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी माफी मागितली तीही २०२१ साली.

मधल्या काळात हा हिशेब जिवंत कोणी ठेवला? १९७१ मध्ये ऑकलंडच्या पॉन्सनबी भागात तरुणांनी ‘पॉलिनेशियन पँथर’ उभारली. पुढच्याच वर्षी मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. दोघांची प्रेरणा अमेरिकेतली ब्लॅक पँथर. या पॉलिनेशियन पोरांनी मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवले. पोलिसांनी अडवले तर आपले हक्क काय, याची पुस्तिका वाटली. पहाटे मंत्र्यांच्या घरांसमोर जाऊन उलट धाडही टाकली. कपिसीच्या टी-शर्टवरच्या एका शब्दामागे हे सगळे उभे आहे. म्हणून तो शब्द चालला. नुसता उद्धटपणा असता तर पहिल्याच धुण्यात त्याचा रंग उडाला असता.

मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. ‘दलित’ हा शब्दही पँथरने दया मागण्यासाठी वापरला नव्हता. त्याची व्याख्या स्वतः केली, जाहीरनाम्यात लिहिली आणि मग तो छाती पुढे काढून मिरवला. तेव्हा ‘कोटावाला’ जरूर छापा. ज्येष्ठांशी त्यासाठी भांडायची वेळ आली तर मी तुमच्या बाजूने आहे. पण तो टी-शर्ट घालणाऱ्या प्रत्येकाला पुणे करारात आपण काय सोडले आणि त्या बदल्यात काय मिळाले, हे सांगता आले पाहिजे. संविधानाचे कलम १६(४) नोकऱ्यांतल्या प्रतिनिधित्वाबद्दल काय म्हणते, हे पाठ नको, समजलेले हवे. आणि रॅपमधला एखादा अंतरा आपल्याच वस्तीतल्या पोटजातीच्या भिंतींवरही असू द्या. कोणी विचारले, “कसला रे कोटा?” तर हसून पुढे जाऊ नका. थांबा, आणि हिशेब सांगा.

जय भीम!