रिक्षातून उतरतानाची भाषा : अलोरे ते अमेरिका

चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी ज्या परिसरातून जातो, तेथे अलोरे वसलेले आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाने या गावाला ओळख दिली. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावर चालणारे, प्रत्येकी ८० मेगावॅटच्या चार जनित्रांचे तिसऱ्या टप्प्यातील वीजगृह येथलेच. प्रकल्पाची वसाहत झाली, निरनिराळ्या जिल्ह्यांतील कुटुंबे आली आणि त्यांच्यामागोमाग दुकानेही आली. बँकेच्या नोकरीत या भागात मी काही वर्षे काढली. आजही वर्षाकाठी एखादी फेरी होतेच.

चिपळूण स्थानकाबाहेर रिक्षा ठरवताना दोन्ही बाजू व्यवहाराला पक्क्या असतात. उतरताना मात्र भाषा एकदम मऊ होते. "मामा, जरा त्या वडाजवळ कडेला घ्या हं." भाडे आधीच ठरलेले असते, तरीही आपण विचारतो, "किती द्यायचे?" आणि तोही म्हणतो, "ठरलेत तेच द्या." वरचे दहा रुपये परत घ्यायचे नसतील तर "राहू द्या" एवढेच म्हणायचे. शेवटी "येतो". "धन्यवाद" हा शब्द या सगळ्यात कोठेही येत नाही. तो उच्चारला तर रिक्षावाल्याला सत्काराच्या व्यासपीठावर उभे केल्यासारखे वाटेल.

गेल्या वर्षी तेथील एका परिचित दुकानदाराच्या पत्नीने मला विचारले, "साहेब, टॅक्सीतून उतरताना इंग्रजीत काय म्हणायचं, तेवढं लिहून द्याल का?" मुलगा न्यू जर्सीत, सहा महिन्यांसाठी त्या तिकडे निघाल्या होत्या. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. चाळीस वर्षे गल्ला सांभाळलेल्या बाईला मंदिरात जायचे तरी सुट्टीच्या दिवसाची वाट पाहावी लागणार, हेच त्यांना सलत होते. टॅक्सी मुलगा फोनवरून मागवून देणार होता. प्रश्न उतरण्याचा होता.

वहिनींनी स्वतःच एक वाक्य जुळवले होते : 'स्टॉप हिअर.' शब्द अचूक, पण ऐकणाऱ्याला हुकूम वाटावा असे. "थांबवा" या रूपातच आपला सारा आदर सामावलेला असतो. इंग्रजी क्रियापदाला अशी सोय नाही. तेथे 'प्लीज' वेगळे लावावे लागते आणि विनंती प्रश्नाच्या रूपात मांडावी लागते : 'कुड यू स्टॉप हिअर, प्लीज?' गाडी योग्य जागी आली की 'राइट हिअर इज फाइन, थँक यू.' आपण मामा, दादा, काका म्हणून जो जिव्हाळा दाखवतो, त्याची जागा तिकडे हे 'थँक यू' घेते. तेथे चालकाला 'अंकल' म्हणू नये, हेही सांगितले; त्या मनापासून हसल्या.

'कीप द चेंज' या वाक्याशी आम्ही जरा अडखळलो. त्याचा शब्दशः अर्थ सांगताच वहिनी म्हणाल्या, "सुट्टे ठेवा? हे भीक घातल्यासारखं नाही का वाटत?" मराठी "राहू द्या" देणाऱ्याचा हात झाकून घेते, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी मनातही आले नव्हते. पण अमेरिकेत भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिसी देणे ही रीतच आहे. चालक तिच्याकडे दान म्हणून पाहत नाही. फोनवरून मागवलेल्या टॅक्सीत तर ती रक्कमही उतरल्यानंतर फोनवरच देता येते.

निरोपासाठी 'हॅव अ गुड डे' लिहिले. "आणि 'येते' कसं म्हणायचं?" 'आय कम' म्हटले तर चालक बुचकळ्यात पडेल. पुन्हा भेट होवो ही इच्छा त्या एका क्रियापदात आपण ठेवतो. ज्या चालकाची गाठ पुन्हा पडणार नाही, त्याच्यासाठी इंग्रजीने अशी तजवीज केलेली नाही.

चारही वाक्ये त्यांनी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत उतरवून घेतली. दिवाळीत तिकडून फोन आला. पहिली दोन वाक्ये दर फेरीला लागतात. तिसऱ्याचा उपयोग झालेला नाही, कारण भाडे मुलाच्या खात्यातून वळते होते. आठवड्यातून दोनदा त्या एकट्या मंदिरात जातात आणि 'हॅव अ गुड डे' म्हणून झाले की दार लावताना "येते हं" मराठीतच म्हणतात.