एका टप्प्याचा फरक

अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संघटना ठरवते. तिच्या नियमपुस्तकातल्या ९-९-१ या नियमावर आम्ही पंचांनी ड्रेसिंग रूममध्ये, पार्किंगमध्ये, परतीच्या गाडीत किती वाद घातले असतील! नियम तसा सरळ आहे. चेंडू मध्यरेषा ओलांडून पुढच्या कोर्टात आला की चढाई करणाऱ्या संघाने तो परत मागे न्यायचा नाही. चेंडू मागे जाण्यापूर्वी शेवटचा स्पर्श त्या संघाचा आणि मागे गेल्यानंतर पहिला स्पर्शही त्याच संघाचा, तर नियमभंग.

आता हा प्रसंग बघा. पुढच्या कोर्टातून पास निघतो, बचाव करणाऱ्या मुलीची बोटं त्याला लागतात, चेंडू तिथेच एक टप्पा घेऊन मध्यरेषेवरून मागे उडतो. मागे उभी असलेली चढाईच्या संघातली मुलगी तो हवेतच झेलते. शेवटचा हात प्रतिस्पर्ध्याचा, तरीही २००७-०८ मध्ये संघटनेने दिलेला अर्थ होता : नियमभंग! हवेतला चेंडू शेवटी जिथे लागला तिथलाच मानतात, म्हणून तो अजून पुढच्या कोर्टातला. झेलणारीचे पाय मागच्या कोर्टात, म्हणून तिच्यामुळे तो मागचा झाला. म्हणजे आधीचा शेवटचा आणि नंतरचा पहिला, हे दोन्ही स्पर्श एकाच झेलात तिच्या माथी. तिने चेंडूला मागे एक टप्पा पडू दिला असता, तर मात्र काहीच गुन्हा नव्हता.

मला हा अर्थ कधीच पटला नाही. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांच्या मध्ये काहीतरी घडावं लागतं. एकच क्षण दोन्हीकडे कसा बसेल? शिवाय चेंडू मागे घालवला बचाव करणाऱ्यांनी आणि शिक्षा दुसऱ्यांना. तरीही तो अर्थ लागू होता तोवर मी शिट्टी वाजवत आलो. पंचाने आपल्या मतानुसार निकाल दिला, तर या जिममध्ये एक न्याय आणि शेजारच्या गावात दुसरा, असं होईल. सोळा वर्षांच्या मुलांवर तो अन्याय जास्त मोठा.

२०१८-१९ च्या हंगामात अपवाद जोडला गेला : बचाव करणाऱ्या संघाचा हात लागून पुढच्या कोर्टातून आलेला चेंडू मागच्या कोर्टातला कुठलाही खेळाडू घेऊ शकतो. मूळ नियम तसाच ठेवून आधीचा अर्थच मागे घेतला असता, तर मला जास्त आवडलं असतं. अपवाद म्हटला की लोक तो ताणतात. बचावाचा हात लागलेला चेंडू पुढच्याच कोर्टात चढाई करणाऱ्या मुलीच्या गुडघ्याला लागून मागे गेला आणि तिच्याच संघाने घेतला, तर ही सवलत नाही, कारण शेवटचा स्पर्श आता तिचा. प्रशिक्षक ‘टिप, टिप!’ (बचावाचा हात लागला) असं ओरडत असतात, त्यांना तो गुडघा दिसलेला नसतो. म्हणून सामन्याआधीच्या बैठकीत मी सहकाऱ्यांना सांगतो, बोटांवरून नजर लगेच काढू नका, पण तिथेच थांबूही नका. अपवाद खरोखर लागू असेल तर शिट्टी नाही. चेंडू मागच्या कोर्टातला झाला की हाताने दहा सेकंदांची मोजणी नव्याने सुरू करायची.