चपला सांभाळणारी मुलगी

माझी मुलगी चौथीत आहे. गेल्या महिन्यात एका शनिवारी ती घरी आली, तेव्हा सहज विचारलं, "आज पी.टी.ला काय खेळलात?"

"मी चपला सांभाळल्या, अब्बू."

मुलगे एका चेंडूमागे पळत होते. ही आणि आणखी तीन मुली भिंतीशी बसून सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवत होत्या. दर शनिवारी हेच.

मला माझी शाळा आठवली. गुरुजी शिट्टी वाजवायचे, "जा, खेळा" म्हणायचे आणि खुर्चीवर बसायचे. ज्यांना पळता यायचं ते पळायचे. मी अंगाने किरकोळ, म्हणून लिंबाखाली बसायचो. पळायला कसं शिकायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही.

सोमवारी शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्याकडे मुलींना खेळू देत नसतील." राग आला. पण खरं सांगायचं तर मीही मुलीला रोज "सबक झाला का? गृहपाठ झाला का?" एवढंच विचारायचो. "आज धाप लागेपर्यंत पळलीस का?" असं कधीच विचारलं नव्हतं.

मग बाई मोकळेपणाने बोलल्या. वर्गात ४२ मुलं, चेंडू एक. भाषा, गणित, परिसर अभ्यास, कार्यानुभव, सगळं त्यांच्याच गळ्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरावर मुलं असतील तर. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. धावणं, उडी, झेल, तोल हे सगळं अंगात मुरतं ते नेमकं याच वयात.

खेळ तर आपल्याकडे आहेतच. लंगडी, लगोरी, साखळी. पण त्यातल्या काही खेळांत एक गोम आहे. जो हळू, तो आधी बाद होतो आणि तासभर बसून राहतो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच तो सगळ्यांत कमी मिळतो. आम्ही बाईंना दोनच गोष्टी सुचवल्या. बाद झालेल्याने दहा दोरीउड्या मारून परत खेळात यायचं. आणि ४२ मुलांचे सात-सातचे सहा गट करायचे.

चेंडूंचं काय? मोहल्ल्यातल्या टेलरने चिंध्या दिल्या, माझ्या अम्मीने आणि शेजारच्या वहिनींनी बसून बारा चेंडू शिवले. एक पैसा खर्च झाला नाही. शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारची, ती मागत राहूच. तोवर मुलांचं वय थांबणार नाही.

या शनिवारी लेक गुडघा खरचटून आली. अम्मीने हळद लावता लावता दोन शब्द सुनावले. मी विचारलं, "मग आज चपला कोणी सांभाळल्या?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "कोण नेणार आहे त्या?"