एक नक्कल जपून ठेवा



तुमच्यापैकी काहींच्या घरी संगणक असेल. काहींनी तो शाळेतच हाताळला असेल. तो सुरू कसा करावा, हे तुम्हांला कोणीही दाखवील. मी मात्र तो सांभाळावा कसा, आणि त्याहीपेक्षा त्याच्या आत ठेवलेले कसे जपावे, हे सांगणार आहे. हे मी पुस्तकातून शिकले नाही. एक मोठे नुकसान सोसून शिकले.

आज मी अमरावतीच्या एका शाळेत शिकवते. पण माझे बालपण अकोल्यात गेले. दहावीनंतरच्या सुट्टीत मी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम तेव्हा गावोगावी पोहोचला होता. पुढे २००७ साली अब्बांनी एक जुना संगणक विकत आणला. अम्मीने त्याच्यासाठी कशिदा काढलेली खोळ शिवली. शेजारची मुले दारात उभी राहून तो पाहत असत.

आमचे आजोबा, म्हणजे दादाजान, मूळचे बाळापूरचे. तरुणपणी ते अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होते. त्यांच्याजवळ आठवणींचा मोठा साठा होता. कारखान्याबाहेर रात्रभर उभ्या असलेल्या कापसाच्या बंड्या, मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे, मन नदीकाठचा बाळापूरचा किल्ला, सारे त्यांच्या बोलण्यात येई. मी ठरवले, की दादाजानांनी सांगायचे आणि मी संगणकावर उतरवायचे. उर्दू लिहिण्यासाठी इनपेज होतेच. रोज मगरिबच्या नमाजानंतर आमचे काम सुरू होई.

त्या काळी आमच्याकडे भारनियमन फार होते. एके दिवशी मी सलग दीड तास लिहीत होते. अचानक वीज गेली. परत आल्यावर पाहते तो काय, त्या दिवसाची एकही ओळ शिल्लक नव्हती! मला रडू कोसळले. दादाजान हसून म्हणाले, "रडतेस कशाला? मी पुन्हा सांगतो." त्यांनी पुन्हा सांगितले, पण ती गोष्ट पहिल्यासारखी उतरली नाही.

असे का झाले? आपण लिहीत असतो तेव्हा मजकूर आधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. तिला रॅम म्हणतात. ही स्मृती म्हणजे वर्गातला फळा. वीज गेली, की फळा पुसला जातो. हार्ड डिस्क म्हणजे वही. फळ्यावरचे वहीत उतरवा, असे मी वर्गात सांगते ना, तसेच संगणकाचे आहे. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस ही दोन बटणे एकत्र दाबण्याची सवय लावा. यूपीएस असेल तर उत्तमच. पण तो काम चालू ठेवण्यासाठी नाही, तर काम साठवून संगणक नीट बंद करता यावा यासाठी असतो.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. संगणक स्वतःही तापतो आणि आतल्या पंख्याने ती उष्णता बाहेर टाकतो. अम्मी धुळीच्या भीतीने संगणक चालू असतानाही त्याची खोळ काढू देत नसे. प्रेमापोटी आम्ही त्याचा श्वासच कोंडत होतो! खोळ घालावी ती संगणक बंद करून, थंड झाल्यावर. त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा ठेवावी. दुसरी चूक माझी. त्याला गारवा मिळावा म्हणून मी तो कूलरसमोर ठेवला. कूलरची हवा ओलसर असते आणि पाण्याचे बारीक तुषारही उडतात. ओल आणि वीज यांचे कधीच जमत नाही. घरात अर्थिंग नीट आहे का, हेही जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन शोभेसाठी नसते.

दोन वर्षांत सुमारे १२० पाने झाली. २००९ च्या हिवाळ्यात दादाजान अल्लाहला प्यारे झाले. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी संगणकातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळा झाला. डिस्क उष्णतेने गेली, ओलीने गेली, की वारंवार वीज जाण्याने, हे दुरुस्ती करणाऱ्यालाही सांगता आले नाही. मोठ्या शहरात बराच पैसा खर्च करून मजकूर काढण्याचा प्रयत्न करता आला असता. आम्हांला ते परवडणारे नव्हते. त्याने नवी डिस्क बसवली. संगणक पूर्वीसारखा चालू लागला; पण त्यात दादाजानांचा एकही शब्द नव्हता.

मग एक आठवण झाली. अमरावतीच्या फुप्पूंना वाचण्यासाठी म्हणून मी सुरुवातीची १४ पाने छापून पाठवली होती. अब्बांनी लगेच फोन केला. फुप्पूंनी ती आपल्या लग्नाच्या कागदांबरोबर पेटीत जपून ठेवली होती. अकोल्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या त्या पेटीने १४ पाने वाचवली. उरलेली १०६ गेली, कारण त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

मित्रांनो, 'नक्कल' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. परीक्षेत नक्कल करणे हा अपराध. पण संगणकावर नक्कल न करणे हा त्याहून मोठा अपराध! जाणकारांचा साधा नियम आहे: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. घरात चोरी झाली, आग लागली, तरी दुसऱ्या गावची प्रत शाबूत राहते. केलेली नक्कल अधूनमधून उघडूनही पाहावी. न उघडणारी नक्कल काय कामाची? मोबाईलमधल्या छायाचित्रांनाही हाच नियम लागू आहे.

आणखी दोन गोष्टी. जुन्या इनपेजमधली फाईल इतर ठिकाणी उघडत नाही. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूरही दुसरीकडे निरर्थक खुणांसारखा दिसतो. म्हणून उर्दू असो वा मराठी, मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. तसेच दुसऱ्याचा पेन ड्राईव्ह लावला, की तो आधी व्हायरससाठी तपासावा.

संगणक पुन्हा विकत घेता येतो. डिस्क नवी मिळते. सांगणारा माणूस मात्र पुन्हा मिळत नाही. ती १४ पाने आता माझ्या घरी आहेत, फुप्पूंच्या पेटीत आहेत आणि अकोल्याला अब्बांजवळही आहेत.

तुमच्याही घरी दादी असतील, नाना असतील. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारा आणि लिहून काढा. संगणक असो, मोबाईल असो, नाहीतर साधी वही असो. आणि झोपण्यापूर्वी तिची एक नक्कल करायला विसरू नका.